लेकमूठ

टेंभरी, ता. आर्वी
भाऊबीज, ३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अंजू,

आशीर्वाद. आशीर्वादाला वेगळं तिकीट लागत नाही, म्हणून तो आधीच घालून ठेवतो. पुढचं वाचलं नाहीस तरी तेवढा पोचेल.

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र पेटवायला निघाली असशील, तर थांब. गॅसच्या शेगडीवर कागद नीट जळत नाही, घरभर धूर होतो, आणि आपल्या जावयांना, बंडूजींना, खोकला आहे.

अकरा वर्षांनी लिहितो आहे. आपल्या दोघांत एस.टी.ने दीड तासाचं अंतर. हे पत्र मात्र आर्वीहून वर्ध्याला, तिथून नागपूरला जाईल, तिथे दोन दिवस आराम करेल आणि मग पुलगावला उतरून तुझ्या नाचणगावात येईल. फोन केला असता, पण तुझ्या फोनला माझा नंबर चालत नाही, हे तीन-चार दिवाळ्यांत ध्यानात आलं. 'आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती' असं सांगणाऱ्या बाईशीच माझी आता जास्त ओळख आहे.

आज सकाळपासून शास्त्र धुंडाळतो आहे. भाऊ नसलेल्या बहिणीने चंद्राला ओवाळावं, अशी सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे. बहीण असून ती येत नाही अशा भावाने कुणापुढे बसावं, याबद्दल सगळे ऋषी गप्प. तुझ्या वहिनीला विचारलं, तर म्हणाली, "आरशापुढे बसा. तुमच्या तोडीचं दुसरं कोण आहे?" तीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्या माणसाच्या घरात इतकं सोपं मराठी बोललं जातं.

त्या अक्षय तृतीयेची तुझी हकीगत मला तोंडपाठ आहे. ती तू साऱ्या नात्याला सांगितलीस आणि नात्याने मला. ती अशी : आपल्या गावची जुनी रीत आहे की लग्न होऊन गेलेल्या लेकीने अक्षय तृतीयेला माहेरी येताना सासरच्या तुरीची एक मूठ पदरात आणायची आणि माहेरच्या बियाण्याच्या कोठीत टाकायची. लेकमूठ. तू नाचणगावची मूठ आणलीस. लाल, पांढरी, ठिपक्यांची, सगळी सरमिसळ. मी कोठीचं तोंड हाताने झाकलं आणि अर्ध्या गावादेखत तुझी मूठ अंगणात कोंबड्यांना टाकली. तू घोटभर पाणी न पिता परत गेलीस.

माझी हकीगत तुला कुणी सांगितली नसेल. ती अशी : मी त्या वर्षी गावच्या बीज समितीचा अध्यक्ष होतो.

एवढीच आहे. मनात पुष्कळ लांब होती. कागदावर घेतली तेव्हा कळलं.

बाकी सर्व क्षेम. लक्ष्मणरावांच्या वावरात बोअरजवळ दहा-पंधरा तुरी माना टाकून उभ्या आहेत. फुलावर आलेलं झाड, खाली ओल, तरी तहानेलं दिसतं. ते म्हणाले, "गुरुजी, हे काऊन सुकून राह्यलं? परवाच तं पाणी देल्लं." मी म्हटलं, उन्हाचा ताण. नोव्हेंबरात! लक्ष्मणराव माझ्याकडे पाहत राहिले. मोठ्या माणसाला खोटं बोलताना पाहून लोक नजर खाली घेतात, तशी त्यांनी नंतर घेतली.

तुमच्याकडे तूर कशी आहे? सहज विचारतो.

दादा

*

टेंभरी
२४ नोव्हेंबर

चि. सौ. अंजू,

उत्तर नाही. मौन म्हणजे संमती, असं आमच्याकडे शिकवतात. तुझं मौन त्या जातीचं वाटत नाही.

तीन दिवस निवडणुकीच्या ड्यूटीवर होतो. लोकांच्या बोटांना शाई लावत बसलो. परत आलो तर लक्ष्मणरावांचं वावर बोअरपासून बांधापर्यंत गेलेलं, आणि बांधापलीकडे डोमाजीचं सुरू झालेलं. लक्ष्मणरावांनी माझ्यासमोर एक झाड उपटलं. साल हिरवीगार होती. विळ्याने खोड उभं चिरलं, तर आत काळी रेघ, मुळापासून वर गेलेली. मी आत्ताच शाईतून उठून आलो होतो. मला वाटलं, इथेही कुणीतरी खूण करून गेलं आहे.

मर. दोन अक्षरांत निदानही झालं आणि भविष्यही.

तू म्हणशील, मर रोग काही आजचा नाही. खरं आहे. बाबांच्या वेळीही तो यायचा. दहातली दोन-तीन झाडं न्यायचा, उरलेल्यांना हात लावायचा नाही. त्याच मातीत, त्याच ओळीत एक झाड वाळून कोळसा आणि त्याला खेटून दुसरं शेंगांनी वाकलेलं, असं आपण दोघांनी पाहिलं आहे. या वर्षी तो निवड करत नाही. एका टोकाने आत शिरतो आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. मागे एकही झाड ठेवत नाही. अख्खं वावर उभ्याउभ्या वाळतं, आणि वारा आला की पोकळ शेंगांचा खुळखुळाट रस्त्यापर्यंत ऐकू येतो. मी शाळेत जाताना आता सायकलची घंटी उगाच वाजवत जातो.

रुख्माबाई अजून आहेत. ऐंशी ओलांडली, पण जीभ विशीतलीच. काल पारावर मला थांबवून म्हणाल्या, "मास्तर, पह्यले मर यायचा तं पाहुण्यावानी यायचा. दोन घरी जेवायचा न निंगून जायचा. आता त्याले सारं गावच एका पंगतीत बसेल भेटलं." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "हासतं काय? लेकीची मूठ कोंबड्याइले टाकली तुनं. कोंबड्या तरी धष्टपुष्ट झाल्या का?"

आता एक सांगतो, पण आधी हातातलं काम खाली ठेव. तुझी आकांक्षा इथे येऊन गेली. चारदा.

रागावू नकोस. ती मामाकडे आली नव्हती, तुरीकडे आली होती. मामा वाटेत आला. एम.एस्सी.च्या अभ्यासासाठी ती नऊ गावांतल्या तुरीची कोवळी पानं गोळा करते आहे, हे तुला ठाऊक असेलच. नऊ गावांतलं एक आपलं, हे ठाऊक नसेल. पहिल्या दिवशी फाटकाबाहेरूनच विचारलं, "मामा, पानं तोडू का? आईला सांगू नका." मी म्हटलं, "तुझी आई माझ्याशी बोलत असती, तर या विनंतीला काही अर्थ असता."

तिने मला समजावलं ते असं. एका गावातली झाडं आपसांत किती वेगळी, आणि एक गाव दुसऱ्या गावापासून किती वेगळं, ही दोन्ही मापं पानातून निघतात. मी म्हटलं, म्हणजे तुरीची पत्रिका. तर म्हणते, "नाही मामा. पत्रिकेत खोटं लिहिता येतं."

जीभ कुणाची घेतली आहे, हे पानाशिवायही कळतं.

दादा

*

टेंभरी
१५ डिसेंबर

चि. सौ. अंजू,

निम्मं गाव गेलं. उपटलेल्या तुराट्या लोक बांधावर जाळतात. दिवसभर धूर असतो. मुलं वर्गात खोकतात, आणि मी त्यांना खोकल्याचे धातू चालवायला लावतो.

आकांक्षा गुरुवारी निकाल घेऊन आली. वर्ध्याजवळ सिंदी मेघेत तिची खोली आहे, तिथून सकाळच्या बसने निघाली आणि आल्याआल्या जेवायलाही बसली नाही. ओसरीवर तिने कागद पसरला. प्रत्येक गावाची वीस झाडं, प्रत्येक झाडाचा एक रंगीत ठिपका. काही गावांचे ठिपके यात्रेतल्या लोकांसारखे इकडेतिकडे पसरलेले. मी विचारलं, "आपले वीस कुठे आहेत?" तिने एका जागी बोट ठेवलं.

"हा तर एकच ठिपका आहे."

"वीस आहेत, मामा. एकावर एक."

लक्ष्मणराव खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "पोरी, मले समजंल असं सांग."

"काका, तुमच्या गावात लाख झाडं नाहीत. एकच झाड लाख वेळा उभं आहे. मराला एक कुलूप उघडता आलं, की सगळी उघडली."

लक्ष्मणरावांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी नजर खाली घेतली नाही.

अंजू, ते एक झाड कुठलं, ते मला माहीत आहे. मी निवडलं होतं. तुझ्या त्या अक्षय तृतीयेच्या दोन वर्षं आधी. आपल्या खालच्या वावरात, विहिरीपासून तिसऱ्या ओळीत. काय झाड होतं! शेंगा अशा, की फांदी उचलून धरावी लागली. लाल, टपोरा, एकसारखा दाणा. मधमाशीने परक्याचा पराग आणू नये म्हणून मी त्याच्यावर मच्छरदाणी बांधली. सकाळ-संध्याकाळ जाऊन पाहायचो. गावाने माझी टिंगल केली, की मास्तरची तूर बाळंतीण झाली. त्या एका झाडाच्या बियांतून मी तीन वर्षांत साऱ्या गावाचं बियाणं केलं. जुनी सरमिसळ तूर घरोघरी जाऊन कोठ्यांतून काढायला लावली. ओळीत वेगळं दिसलेलं प्रत्येक झाड उपटायला लावलं. 'शुद्ध टेंभरी तूर' म्हणून प्रदर्शनात पहिलं बक्षीस आणलं. आणि त्या शुद्धीच्या वाटेत तुझी मूठ आली.

माणसांची सोयरीक सगोत्र होऊ नये म्हणून सात पिढ्या तपासणारे आपण. तुरीच्या बाबतीत मी भाऊ-बहिणींचं एक अख्खं गाव वसवलं, आणि त्याला शुद्ध म्हटलं. बाबा निरक्षर होते. ते लेकमूठ घेताना एवढंच म्हणायचे, "लेक येते, दाणा येते." त्यांना कारण विचारायचं मला कधी सुचलं नाही. मी एम.ए. झालो होतो.

आणखी एक कबूल करतो. मराचं हे पहिलं वर्ष नाही. तीन वर्षांपासून दरसाल थोडी थोडी झाडं जात होती. समितीच्या वहीत मी ते कुणाला लिहू दिलं नाही. बक्षिसाचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं. त्याच्यासमोर बसून ते कसं लिहायचं?

जाताना आकांक्षाने कागदावरची आणखी एक जागा दाखवली. गावांना तिने नुसते क्रमांक दिले आहेत. नावं सांगायची नाहीत, असा त्यांचा नियम. "मामा, सहा नंबरचं गाव इथून लांब आहे. त्याचेही वीस ठिपके तुमच्याच ठिपक्यावर पडतात. तुमचं बियाणं तिथं कसं गेलं?"

मी म्हटलं, मधमाश्या.

"मधमाशी पोतं घेऊन चाळीस किलोमीटर उडत नाही, मामा."

मी तिला चहा विचारला.

आता मागणं. इतकी पानं मी याचसाठी लिहिली, हे तू पहिल्या पत्रातच ओळखलं असशील. पुढच्या मृगात टेंभरीकडे पेरायला काही नाही. विकतचं आणता येईल, आणतीलही. पण या मातीत, या मराशी आजवर झुंजलेली ती जुनी सरमिसळ आपल्याकडे एक दाणा उरलेली नाही. तुझ्याकडे नाचणगावची असेल. तू मला एक मूठ दे. मागायचा हक्क मी कोंबड्यांना टाकला, हे जाणून मागतो आहे.

दादा

*

टेंभरी
२९ डिसेंबर

चि. सौ. अंजू,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनने वाचूनच दिलं. त्याचे डोळे ओले होते. सरकारी नोकराला हे शोभत नाही, असं मी त्याला सांगितलं.

कार्ड समोर ठेवून लिहितो आहे. तू लिहितेस : "दादा, पत्र लिहाले तुले अकरा वर्सं लागले. मले उत्तर द्याले दीड महिना लागला. हिसाब पाह्यला तं मीच भली हावो." मान्य.

"तुनं एक मूठ फेकली. मी त्या सालापासून दर संक्रांतीले हळदीकुंकवात तुरीची मूठ वाण म्हणून वाटतो. चाळीस बायका येते. प्लास्टिकचे डबे नाई वाटत मी. साऱ्या आपापल्या घरी नेऊन पेरते. तुह्या नाकावर टिच्चून वाटतो."

हे वाचून मी मोठ्याने हसलो. तुझी वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबांची लेक आहे." मग ती रडली. मग आम्ही दोघांनी पुढचं वाचलं.

"आमची तूर सोन्यावानी उभी हाये. एक झाड पिवळं नाई. दाणा पाहशील तं तुह्या शुद्ध तुरीले लाजवंल. सारा लाल, एकसारखा, एक ठिपकेवाला नाई. हे म्हणते निवडू निवडू सुधारला. बियाणं घ्याले ये. संक्रांतीले ये. दारात उभा राह्यजो नको, सीधा आत येजो. पोथी आणजो नको."

तुझी वहिनी तेव्हापासून माझा पांढरा सदरा इस्त्री करते आहे.

तुझ्या प्रेमाला उत्तर म्हणून मी एक कोरडा प्रश्न विचारतो. राग मानू नकोस. दाणा एकसारखा लाल कधीपासून यायला लागला? साल आठवतं का? आणि या वर्षीचं वाण संक्रांतीलाच वाटायला हवं का? हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, सवड असते. कापणी झाल्यावर सावकाश वाटावं, असं आपलं माझं मत. बाकी काही नाही. थंडी वाढली आहे.

लक्ष्मणरावांनी कार्ड ऐकलं आणि म्हणाले, "गुरुजी, बहीण बोलावून राह्यली, न तुमचं तोंड असं काऊन?" मी म्हटलं, दात दुखतो.

बंडूजींना नमस्कार सांग. नको, राहू दे. मीच सांगेन.

दादा

*

टेंभरी
११ जानेवारी २०२५

अंजू,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. आकांक्षा घेऊन येते आहे. पोस्टाला पाच दिवस लागतात. संक्रांत मंगळवारी आहे.

ती दारात उभी असेल. तिला काही विचारू नकोस. तिला बरंच काही माहीत आहे, पण तिने मला बजावलं आहे, "आईला मी सांगणार नाही. तुम्ही केलं, तुम्हीच लिहा. मी फक्त नेते." तेव्हा लिहितो.

सहा नंबरचं गाव नाचणगाव आहे. ते वीस ठिपके तुझ्या वावरातले आहेत.

कोरोनाचं साल आठव. तुझं पिशवीचं ऑपरेशन झालं, आणि तू जूनमध्ये बारा दिवस दवाखान्यात होतीस. इकडे तुझ्या बियाण्याच्या पिंपात पाणी शिरलं. वरचा पत्रा गळत होता आणि बंडूजींचं लक्ष तुझ्याकडे होतं. बियाणं कुजलं. मृग लागला होता, दुकानं बंद होती. मला त्यांचा फोन आला. अकरा वर्षांतला तो एकच. म्हणाले, "गुरुजी, अंजू पिंप उघडून पाहील तं दवाखान्यातूनच जीव सोडंल. एवढ्या सालाचं तिचं बियाणं. तुमची तूर द्या. तिले सांगजा नका." मी दोन पोती दिली. टेम्पोत मी स्वतः चढवली. जुना दाणा मुख्यतः लाल होता, हाही लाल. तू अंथरुणात होतीस. तुला कळलं नाही. पुढे ठिपक्यांचा दाणा दिसेना, तेव्हा 'निवडून सुधारला' हे त्यांनी तुझ्या समाधानासाठी रचलं. त्या माणसावर रागावू नकोस. त्याने तुझा जीव जपला, एवढंच केलं.

राग मला हवा. कारण मी ती पोती दिली ती दयेने नाही. पोती चढवताना माझ्या मनात आलं की शेवटी माझंच बियाणं तिच्या कोठीत गेलं. मी जिंकलो. साडेचार वर्षं मी हे एकट्याने चघळलं, दिवाळीच्या फराळासारखं. तुझ्याकडे मूठ मागतानाही, एखाद्या कोपऱ्यात जुनं काही उरलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तुझं कार्ड आलं त्या दिवशी 'एकसारखा लाल' हे शब्द वाचले, आणि तो घास घशात अडकला. तरीही मी तुला वाणाची तारीख पुढे ढकलण्याबद्दल लिहिलं, खरं लिहिलं नाही. तुझं बोलावणं आलं होतं. मला ते हवं होतं. तेरा दिवस मी ते खिशात घालून हिंडलो. सदऱ्याला इस्त्री होत होती.

मी गप्प बसलो असतो, तर बंडूजी बोलले नसते. मी मंगळवारी आलो असतो, तू ओवाळलं असतंस, आणि माझीच तूर माझ्या ओंजळीत घालून मला परत पाठवलं असतंस. आणि चाळीस बायका तीच पदरात बांधून चाळीस घरी गेल्या असत्या. चार संक्रांती त्या नेतच आहेत.

आता काय करायचं, ते आकांक्षाने सांगितलं तसं लिहितो.

आधी वावरात जा. तिच्याजवळ विळा आहे. झाडं चांगलीच दिसतील. शेंगांनी भरलेली असतील, तुझा हात धजणार नाही. बोअरजवळची, सखल जागेतली पाच झाडं तिला उपटू दे आणि चिरू दे. आमच्याकडे पहिली रेघ दिसली तेव्हा वावर असंच सोन्यासारखं उभं होतं. रेघ नसेल तरी हे बियाणं ठेवायचं नाही. यंदा नसेल तर पुढल्या वर्षी येईल. ती म्हणते, माती विसरत नाही. डाळ करून खा. पेरायला, वाटायला एक दाणा नको.

दुसरं. त्या बायका. पहिल्या सहा-सात संक्रांतींना तू जे वाटलंस ते खरं होतं, जुनं, सरमिसळ. त्यातल्या कुणी ते वेगळं ठेवलं असेल, कुणी परसात चार झाडं लावली असतील, कुणी पुढच्या मुठी त्यातच मिसळल्या असतील. मिसळायचं असतंच, ती रीतच आहे. आकांक्षा म्हणते, जे काही शिल्लक असेल ते आता फक्त त्या चाळीस घरांत आहे, आणि असेलच असं नाही. नऊ गावांपैकी तिला अजून तीनच अशी सापडली, जिथे माझं बियाणं पोचलेलं नाही, आणि त्यांची माती आपल्यासारखी नाही.

म्हणून मंगळवारी हळदीकुंकू कर. तिळगूळ दे. मूठ देऊ नकोस. मूठ मागायची आहे. प्रत्येकीला, तिच्या कोठीतल्या सगळ्यात जुन्या तुरीची. दहा वर्षं तू देणारी होतीस. मागताना कसं वाटतं, ते मी गेल्या महिन्यात शिकलो आहे. पहिलं वाक्य जड जातं, नंतर जीभ वळते.

मी येणार नाही. तू बोलावलंस तेव्हा तुला हे ठाऊक नव्हतं, म्हणून ते बोलावणं आता माझं नाही. तुझ्या वहिनीला अजून सांगितलेलं नाही.

बायका विचारतील, एकाएकी असं काय झालं? बंडूजींचं नाव घेऊ नकोस. माझं घे. त्यांच्यातल्या निम्म्या जणींना तुला भाऊ आहे हेसुद्धा माहीत नसेल. अकरा वर्षांत तू कुणाला सांगितलं नसशील. मंगळवारी सांगावं लागेल. सगळ्या बसल्या की त्यांच्यासमोर एकदा 'माझ्या भावानं' एवढं म्हण. पुढे जे तोंडाला येईल ते म्हण.

दादा